ताईच्या नंबरावरून

मी निवृत्त शिक्षक आहे आणि समोरासमोर अतिशय भित्रा आहे. शाळेत सगळी नोकरी काढली, पण मुख्याध्यापकांच्या खोलीत जायचं म्हटलं की मला आधी तहान लागायची. फोनवर मात्र मी वेगळा माणूस आहे. तिथे माझ्या नावाखाली मी स्वतःच ‘स्पष्टवक्ता’ असं लिहून ठेवलंय. फोटोत सहस्रकुंडच्या धबधब्यासमोर काळा गॉगल लावून, हाताची घडी घालून उभा आहे. गॉगल साडूचा होता, फोटो झाल्यावर परत केला.

बायको म्हणते, “ह्या फोटोतला माणूस कधी घरी आला तर मला बी दाखवा.”

आमच्या कुटुंबाचा एक ग्रुप आहे. नांदेड, लातूर, मुरुड, किनवट, असे सगळीकडे पांगलेले चाळीसेक नातेवाईक त्यात आहेत. सकाळी उगवत्या सूर्याची चित्रं येतात, दुपारी आरोग्याचे सल्ले येतात, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाला चाळीस केक येतात, ज्यातला एकही खाता येत नाही. या सगळ्यात स्वतःचं काही लिहिणारा मी एकटाच. मी लिहिलं की अंगठे यायचे. माणूस आयुष्यभर खडूच्या धुळीत उभा राहिलेला असला की त्याला अंगठ्यांची फार लवकर सवय लागते. आठ अंगठे आले तर जेवण गोड लागायचं, तीनच आले तर मी बायकोला भाजीत मीठ कमी आहे असं सांगायचो.

या ग्रुपवर आमचे दाजीही होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे मुरुडचे, नोकरी सगळी लातूरला सरकारी कचेरीत. मी इस्लापूरला दहावी झालो तेव्हा पुढे काय, हा प्रश्न होता. दाजींनी परस्पर ठरवलं की पोराला लातूरला आणायचं. दोन वर्षं मी त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात राहिलो. रोज संध्याकाळी ते कचेरीतून येऊन हातपाय धुवायचे आणि विचारायचे, “झाला का अभ्यास?” मी म्हणायचो, “हाव.” त्या दोन वर्षांत मी त्यांच्याशी याहून मोठं वाक्य बोललो असेन असं मला वाटत नाही. पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, केस पांढरे झाले, तरी दाजी दारात दिसले की माझ्या तोंडातून ‘हाव’च निघायचं.

ग्रुपवर मात्र दाजी म्हणजे चाळीसांतले एक. तिथे ते मला दिसत नव्हते, आणि मुख्य म्हणजे मी त्यांना दिसत नव्हतो.

गेल्या श्रावणात ग्रुपवर विभागीय आयुक्तालयाचा विषय निघाला. हे नवं कार्यालय नांदेडला व्हावं की लातूरला, हा आमच्याकडचा जुना झगडा आहे. त्याच्यावरून सोयरिकी मोडल्याचं मी ऐकलं नाही, पण मोडल्या असत्या तर नवल वाटलं नसतं. गंमत म्हणजे आमच्या कुटुंबात एकाचंही त्या कार्यालयात काही काम अडलेलं नव्हतं. तरी दाजींनी लातूरच्या बाजूनं सात मुद्दे टाकले, क्रमांक घालून, कचेरीतल्या टिपणासारखे. मी नांदेडच्या बाजूनं उतरलो. गोदावरी काढली, रेल्वे काढली, गुरुद्वारा काढला. अंगठे येत होते. दाजींनी आठवा मुद्दा टाकला. तेव्हा मी ते वाक्य लिहिलं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात ताई आमच्याकडे नांदेडला तीन आठवडे होती. मी लिहिलं, “आयुक्तालय मागणाऱ्यांनी आधी पाण्याचं बघावं. लातूरचे पाहुणे आमच्याकडे कपडे धुवायला येतात.”

पंधरा अंगठे आले. इतके मला कधीच आले नव्हते. किनवटच्या चुलतभावानं हसून डोळ्यांतून पाणी आलेले सहा चेहरे टाकले. मी चहा मागितला आणि मीठ-बीठ काही न बोलता प्यायलो.

दहा मिनिटांनी खाली करड्या अक्षरांत एक ओळ आली. दाजींनी ग्रुप सोडला.

पूर्वी लग्नात कुणी रुसलं तर ते दिसायचं. पाहुणा पंगतीतून उठायचा, चपला शोधायचा, मुद्दाम सावकाश शोधायचा, म्हणजे कुणीतरी हात धरायला येईपर्यंत वेळ मिळावा. मग दोन वडीलधारे जायचे, डोक्यावर टोपी ठेवायचे, खांद्यावर दस्ती, म्हणजे रुमाल, टाकायचे, हातात नारळ द्यायचे. पाहुणा ‘तसं काही नव्हतं’ म्हणत परत पंगतीत बसायचा. ग्रुप सोडणाऱ्याला चपला शोधाव्या लागत नाहीत. त्यामुळे हात धरायला कुणाला वेळही मिळत नाही. ॲडमिननं दाजींना परत आत घेतलं, दाजी परत गेले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ॲडमिनच रुसला.

बायको म्हणाली, “फोन लावा अन् चुकलो म्हणा.”

“लावतो,” म्हटलं, आणि लावला नाही. आवाज ऐकला असता तर मी परत अकरावीत गेलो असतो.

त्यापेक्षा मी माफी पाठवली. दुसऱ्या एका ग्रुपवर नात्यांविषयी एक फार सुंदर मजकूर आला होता, नातं म्हणजे रोपटं, त्याला क्षमेचं पाणी, वगैरे. माझ्याच्यानं इतकं चांगलं लिहून झालं नसतं. मी तो तसाच दाजींना ढकलला. नंतर लक्षात आलं की त्याच्या डोक्यावर दोन बाण होते आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ असंही लिहिलेलं होतं. आणि पाण्याचा उल्लेख या प्रकरणात टाळला असता तर बरं झालं असतं. निळी टिक आली, उत्तर नाही.

आता ताईविषयी. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी लहान होतो. मला आंघोळ घालण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं तिनं केलं, स्वतःची शाळा चौथीत सोडून. दर रविवारी मी तिला फोन करायचो. ती लांबलचक काही बोलायची नाही. “जेवलास का? काय केलं व्हतं?” मग शेजारणीचं काहीतरी, मग “बरं ठिवते.” तिच्याकडे मोठा फोन भाचीनं घेऊन दिला होता, पण ग्रुपवर ती कधी उमटायची नाही.

दाजी ग्रुपवरून गेले आणि आठवड्याभरात ताई उमटली. माझ्या एका लेखाला तिचा अंगठा आला. दुसऱ्या दिवशी ‘छान’ आलं. मला भरूनच आलं. मी तिला वेगळा निरोप टाकला, “ताई, दाजी लई रागावले का?” तासाभरानं उत्तर आलं, “थोडे रागावले आहेत. तू मनावर घेऊ नको. कळावे.”

‘कळावे’ वाचून मला गंमत वाटली. एवढी वर्षं कचेरीतल्या माणसाशी संसार केल्यावर तेवढं व्हायचंच, असं मी बायकोला म्हटलं.

मग रोजच सुरू झालं. सकाळी नऊच्या सुमारास, माझा चहा आणि पेपर झाला की, ताईचा निरोप यायचा. हवामान, तब्येत, लातूरच्या भाज्या. ताई इतकं काही सांगू शकते हे मला पन्नास वर्षांत कळलं नव्हतं. मी माफीचं विचारलं तर तिनं लिहिलं, “त्यांना मिळाली. परंतु ती आधी बऱ्याच जणांनी वापरलेली होती असे ते म्हणाले.” मी मोठ्यानं हसलो. ताईला विनोद येतो, हेही नवीनच.

रविवारचा फोन आपोआप बंद झाला. रोज सकाळी बोलणं होत असताना रविवारी मुद्दाम फोन कशाला करायचा? भाऊबीजेला मी गेलो नाही, दाजी घरी असणार म्हणून. ताईच्या नंबरावरून एक हलतं चित्र आलं, त्यात एक ताट आपोआप गोल फिरत होतं आणि निरांजनं लुकलुकत होती. मी त्याला हात जोडलेलं चिन्ह पाठवलं आणि साडीचा फोटो टाकला. “साडी कुरियरनं पाठवतो.” “पोहोच कळवीन,” असं उत्तर आलं. मला ते पुरेसं वाटलं, हे आज सांगताना मला माझी लाज वाटते.

त्यानंतर एका सकाळी मी तिला असं काही लिहिलं, जे मी कुणाला बोललो नव्हतो. लिहिलं, “ताई, खरं सांगू का. दाजींसमोर मला अजून भीती वाटते. पण त्यांनी तेव्हा नेलं नसतं तर मी आज इस्लापूरच्या फाट्यावर पानटपरी चालवत असतो. हे त्यांना कधी सांगता आलं नाही. गुडघे दुखतात आता, जिना चढताना त्यांचीच आठवण येते, ते मला दोन मजले पाणी भरायला लावायचे.” दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी एकच शब्द आला, “वाचले.” मग खाली, “गुडघ्यांना तिळाचे तेल कोमट करून लाव.”

पौष संपत आला तेव्हा भाचीच्या लग्नाची पत्रिका आली. आली म्हणजे फोनवर आली, दाजींच्या नंबरावरून. वाजणारी, फुलं पडणारी. खाली लिहिलेलं, ‘धावपळीमुळे प्रत्यक्ष येणे शक्य नाही, हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.’ हीच पत्रिका आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही आली होती. दाजींशी त्याची एकदाच गाठ पडली होती.

आमच्याकडे पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात आणि दुसरी मामाच्या घरी जाते. हळद-कुंकू लावून, हातात. लग्नात मुलीला खोलीतून बोहल्यापर्यंत आणायला मामा लागतो. या भाचीला मी खांद्यावर बसवून लातूरच्या गंजगोलाई बाजारातून फिरवलं होतं, तेव्हापासून माझ्या मनात ते चालणं ठरलेलं होतं. फेट्याचा रंगही ठरलेला होता. आणि आता दूधवाल्याच्या रांगेत उभं राहून अक्षता टाकायच्या? मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. मी ताईला लिहिलं, “मामाला अशी पत्रिका? दाजींनी एवढं धरून ठेवलंय का?”

एरवी तासात उत्तर देणाऱ्या ताईनं दीड दिवस लावला. “बोलून पाहतो,” असं आलं, आणि मी वाचेपर्यंत ते पुसलं गेलं. मग आलं, “बोलून पाहते.” मी म्हटलं, घाईत होतं असं.

चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी बायकोनं पिशवी भरून दारात ठेवली. त्यात नवी टोपी, दस्ती आणि नारळ होता. “फोनवर रुसवे निघत न्हाईत. तुमचा तो गॉगलवाला माणूस घरी राहू द्या, तुम्ही जा.”

लोहा, अहमदपूर, चाकूर करत बस लातूरला पोहोचेपर्यंत मी मनात भाषण तयार केलं. दार दाजींनीच उघडलं. भाषण गेलं. मी पिशवीतून टोपी काढली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली, दस्ती खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला आणि वाकलो. मला वाटलं होतं आता तासभर तरी मनधरणी करावी लागेल. दाजींनी टोपी सारखी केली, मला उठवलं आणि म्हणाले, “बस बस. सांभाळून बस. गुडघ्याला तेल लावायलास का न्हाई?”

“हाव,” मी म्हणालो.

मग मी त्यांच्याकडे पाहिलं. गुडघ्याचं मी फक्त ताईला लिहिलं होतं. दाजींनी नारळाकडे पाहिलं. पलीकडे टीपॉयवर ताईचा फोन त्यांच्या चष्म्याच्या घरावर ठेवलेला होता.

“तिला कुठं टायपिंग येतंय,” दाजी हळूच म्हणाले. “ग्रुप सोडून बसलो, पण करमंना. म्हनलं बघू तरी काय चाललंय. मंग तू इचारलास, दाजी रागावले का. आता सांगावंच लागलं की.”

“भाऊबीजेचं ताट?”

“मीच टाकलं.” ते खरंच ओशाळले होते. “तू ते पानटपरीचं लिव्हलास ना, त्या दिवशी मला जेवन गेलं न्हाई.”

साठीचा मी आणि सत्तरीचे दाजी, पाच महिने रोज सकाळी एकमेकांशी पोटातलं बोललो होतो आणि दोघांनाही समोर त्यातलं एक वाक्य जमलं नव्हतं. मला हसू आलं, दाजींनाही आलं. पत्रिकेचा प्रश्नही आता सुटलाच, असं मला वाटलं.

“पण मग पत्रिका?” मी विचारलं.

दाजींचं हसू थांबलं. त्यांनी मानेनं स्वयंपाकघराकडे खूण केली. “माहेरची पत्रिका तिची. मी म्हनलं व्हतं, आपन दोघं जाऊन देऊ. ती न्हाई म्हनली. मी लई बोलून पायलं.”

ताई दारात उभी होती. हाताला पीठ होतं. मी टोपी, दस्ती, नारळ घेऊन आत आलो त्याला दहा मिनिटं झाली होती आणि त्यातली एकही वस्तू तिच्यासाठी नव्हती, हे मला तेव्हा दिसलं.

“झालं का तुमच्या दोघांचं?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “पाच म्हयने ह्ये फोन घेऊन बसत्यात. मी म्हनलं, करंल रविवारी. येईल भाऊबीजेला. साडी आली. तू न्हाई आलास.”

“ताई, मला वाटलं मी तुझ्याशीच…”

“माझ्याशी कुठं बोललास? मी कवा एवढं बोलले व्हते रे तुझ्याशी? तुला कळलं न्हाई ती मी न्हाई म्हनून?”

खरं सांगायचं तर मला ती नवी ताई जास्त आवडली होती. ती माझे लेख वाचायची.

“त्या रोजी पोरीनं मला वाचून दावलं, तू लिव्हलेलं,” ती म्हणाली. “ह्येंनी ग्रुप सोडला त्यो आयुक्तालयासाठी न्हाई. मी रडले म्हनून सोडला. लातूरचे पाहुने कपडे धुवायला येत्यात. मी तुझ्याकडं कपडे धुवायला आलते का रे? कुनाचे धुतले कपडे मी?”

त्या उन्हाळ्याची एक गोष्ट मी ग्रुपवर सांगितली नव्हती आणि इथेही वर सांगितली नाही. बायकोचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. मीच फोन करून रडलो होतो आणि ताई दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसनं आली होती, लातूरचं घर, रिकाम्या घागरी, सगळं दाजींवर टाकून. तीन आठवडे तिनं माझ्या बायकोचं सगळं केलं. रोज सकाळी मोरीत बसून ती कपडे धुवायची. आमचे कपडे, रक्ताच्या डागांसकट. एकदा मी पाहिलं, नळ पूर्ण सोडून ती पाण्याखाली हात धरून नुसती बसली होती. मला तेवढंच आठवलं होतं. पंधरा अंगठ्यांसाठी तेवढंच पुरलं.

माझा हात खिशातल्या फोनकडे गेला. आत काय होतं देव जाणे, कुणाचा तरी मजकूर असणार. मी हात बाहेर काढला.

“चुकलो, ताई,” मी म्हणालो. “मी ग्रुपवर लिहितो सगळं. खरं काय ते. माफी मागतो सगळ्यांसमोर.”

“काही लिव्हू नको. तिथं कोन वाचतंय? नुस्ते अंगठे दावत्यात.”

ती आत गेली. देव्हाऱ्यापाशी एक पत्रिका वेगळी काढून ठेवलेली होती, हळद-कुंकू लावलेली. कुंकू वाळून गेलं होतं, म्हणजे ती बऱ्याच दिवसांपूर्वीची होती. मी हात पुढे केला.

“इथं न्हाई,” ताईनं ती पदराखाली घेतली. “मामाची पत्रिका हाय. नांदेडला येऊन दीन. पाहुनी म्हनून यीन. पाटावर बशीन, च्या पीन. आन ह्या बारीला तुझ्या नळाला हात लावनार न्हाई.”

ती गुरुवारी आली. दाजी बरोबर होते, टोपी घालून. ताई पाटावर बसली, तिनं पत्रिकेवर ताजं कुंकू लावलं, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “भाचीला आनायला यायचं.” मी “हाव” म्हणालो. बायकोनं चहा दिला. ताईनं सावकाश प्यायला, बशी खाली ठेवली आणि सवयीनं उठताना थांबली, परत बसली.

मी तिची कपबशी उचलली, मोरीत नेली आणि नळ सोडला. बराच वेळ धूत होतो. हे मी ग्रुपवर टाकलेलं नाही.